खांबवाले

“डॉक्टर, तुमच्या आकाशात तेरा ठिपके आहेत.”

“पक्षी असतील हो, बाई.”

“पक्षी असते तर पुढच्या फोटोतही त्याच जागी बसून राहिले नसते. कॅमेऱ्याच्या पोटात धूळ गेली होती. कधी साफ करून घेतला होतात?”

डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला आणि उत्तर त्याच्याबरोबरच गिळून टाकलं.

ते दातांचे डॉक्टर. तीस वर्षं लोकांचे दात काढता काढता हौसेनं फोटो काढायला लागले आणि दवाखाना बंद केल्यावर नुसते फोटोच काढत राहिले. हे फोटो ते स्टॉक लायब्ररीला पाठवत. नाव लायब्ररी असलं तरी ते इंटरनेटवरचं दुकानच. तिथून कुणीही कुठलाही फोटो विकत घ्यावा आणि कॅलेंडरवर छापावा, नाहीतर साबणाच्या वेष्टनावर. पण माल घेताना या दुकानाचे नखरे फार. आकाशात एक ठिपका दिसला, फोटो परत. अंधाऱ्या कोपऱ्यात रव्यासारखे दाणे दिसले, परत. दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, पिशवीवरचं कंपनीचं नाव, काहीही वाचता आलं की परत. आणि ओळखू येईल असा माणूस फोटोत असेल, तर त्याच्या सहीचा संमतीचा कागद सोबत हवा. माणूस हयात नसेल तर वारसाची सही. कागद नसेल तर माणूस पुसा, नाहीतर फोटो विसरा.

पहिल्या वर्षी डॉक्टरांनी चाळीस फोटो पाठवले, त्यातले छत्तीस परत आले. तेव्हा दवाखान्याच्या रस्त्यावरच एक स्टुडिओ होता, तो नुकताच बंद पडला होता. त्याच्या मालकांनी डॉक्टरांना सांगितलं, “आमच्या ठिपकेबाईंकडे जा. त्यांच्या हाताखालून गेलेला फोटो परत करायची कुणाची बिशाद नाही.”

ठिपकेबाई हे नावही मालकांनीच पाडलेलं. एकोणिसाव्या वर्षी बाई त्या स्टुडिओत रीटचिंगला लागल्या. खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि श्वास रोखून ठिपक्याशेजारी ठिपका देत मुरूम, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं नाहीशी करायची. शहरातल्या निम्म्या माणसांची तोंडं त्यांनी अशी धुऊन दिली होती. पुढे कॉम्प्युटर आला. बरोबरीचे दोघे “आता आपलं काय काम” म्हणून घरी बसले. बाई बसल्या नाहीत. चाळिशी आली तेव्हा त्या समोर पडद्याकडे बघत खाली कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर पेन चालवायला शिकल्या. “पेन्सिल गेली, पेन आलं. ठिपके काही गेले नाहीत,” असं म्हणायच्या. स्टुडिओ बंद झाल्यालाही आता बारा वर्षं झाली होती. मुलीच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, चौसष्टाव्या वर्षी बाईंचं ठिपके वेचणं चालूच होतं.

“या खेपेला जुने आहेत,” डॉक्टर म्हणाले. “पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हाचे. बावीस वर्षं झाली. लायब्ररीवाल्यांना आता तो काळ हवाय. तेव्हाचे रस्ते, तेव्हाची दुकानं. आपण धडधाकट असतानाच आपला काळ जुन्या बाजारात गेला, बाई.”

“माणसं आहेत का?”

“आहेत तुरळक. सगळी पुसा. मी काही सह्या गोळा करत फिरणार नाही. मामांच्या वेळेला हात पोळले तेवढे पुरे.”

मामांचा किस्सा बाईंना पाठ होता. डॉक्टरांनी आपल्या मामांचा बागेतल्या बाकावरचा हसरा फोटो काढला होता. मामांनी हौसेनं कागदावर सही ठोकली. सहा महिन्यांनी मामा शहरातल्या बसथांब्यांवर झळकले ते पोट साफ होण्याच्या औषधाच्या जाहिरातीत. खाली ठळक अक्षरांत त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य: ‘आता मी मोकळा!’ मामांनी वर्षभर भाच्याचं तोंड पाहिलं नाही.

चहा संपवून डॉक्टर गेले. बाईंनी पडदा पुसला, चष्मा पुसला आणि कामाला लागल्या.

त्यांची पद्धत ठरलेली. फोटो आधी पूर्ण बघायचाच नाही. पूर्ण बघितला की डोळा चित्रात रमतो आणि ठिपके निसटतात. तो शंभर टक्क्यांवर उघडायचा, म्हणजे इतका मोठा की त्याचा एक तुकडाच पडद्यावर मावतो. मग पुस्तक वाचावं तसं डावीकडून उजवीकडे, एक ओळ संपली की खालची. दुपार टळेपर्यंत सोळा फोटो झाले. सतरावा उघडला.

वरच्या ओळीत आकाश. नऊ ठिपके. मग छपरांच्या कडा. मग डाव्या हाताला पहिल्या मजल्यावरची पाटी, निळ्यावर पांढरी अक्षरं. बाईंनी शेजारच्या भिंतीचा रंग उचलून तीन अक्षरं पुसली आणि चौथ्यावर पेन थांबलं. त्या अक्षराचा अर्धा रंग उडालेला होता. ते उडणं त्यांच्या ओळखीचं होतं. तेहतीस वर्षं त्याच्याखालून ये-जा केली होती.

त्यांना हसू आलं. “मालक, किती वर्षं सांगत होते पाटी रंगवून घ्या म्हणून,” त्या पडद्याला म्हणाल्या. “घ्या आता. पुसायची वेळ माझ्यावरच आली.” आणि उरलेली अक्षरंही पुसून टाकली.

खालच्या ओळीत, उजवीकडे, एक बंद शटर. शटरपुढे दिव्याचा खांब, खांबाला टेकवलेली सायकल. सायकलच्या दांडीवरचं नाव पुसलं. तेव्हा सायकलीपलीकडे एक कोपर दिसलं, वर दुमडलेली बाही, मग खांदा. माणूस केवढा आहे ते बघावं म्हणून बाईंनी तुकडा जरा वर सरकवला आणि त्या माणसाचा डावा गाल पडद्यावर आला. कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा व्रण.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

ते मान वर करून समोर बघत होते. आत्ताच पुसलेल्या पाटीखाली एक खिडकी होती, त्या खिडकीकडे. खिडकीच्या आत बाईंचं टेबल असायचं.

बाईंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होते. लहानपणी वाफेनं गाल भाजला होता, त्याचा तो व्रण. बाईंना तो पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. पण लग्नानंतर पंधरवड्यानं त्यांच्याच लग्नाची निगेटिव्ह त्यांच्याच टेबलावर आली. बावीस वर्षांचं वय, बोटांत नवी नवी कला. दोन दिवस खपून त्यांनी व्रण काढला. असा काढला की मालकांनी मोठी काच घेऊन शोधला तरी सापडेना. चौकट करून फोटो घरी नेला. यजमानांनी तो बराच वेळ हातात धरला.

“छान आलाय,” ते म्हणाले. “तुझ्या शेजारी हा कोण?”

आणि हसले. बाईही हसल्या. त्या हसण्यातला काटा बाईंना टोचायला पुढे पाच-सहा वर्षं गेली. तोवर एक गोष्ट लक्षात आली होती की हा माणूस परत कधी फोटोला उभा राहिला नाही. मुलीचा वाढदिवस असो, सहल असो, कॅमेरा त्यांच्याच हातात. “मी काढतो, तुम्ही उभ्या राहा.” ते जाऊन चौदा वर्षं झाली होती, आणि घरात त्यांचे दोनच चेहरे उरले होते. एक भिंतीवरचा गुळगुळीत नवरदेव, आणि दुसरा ओळखपत्रावरचा, नखाएवढा, पाणी लागून फुगलेला.

संध्याकाळी स्टुडिओतून बाईंना न्यायला ते यायचे. अठ्ठावीस वर्षं. सहाला बाई जिना उतरायच्या तेव्हा ते खाली उभेच असायचे.

“फार वेळ थांबलात का?”

“छे, हा आत्ताच येतोय.”

वर येऊन बसा म्हटलं तर यायचे नाहीत. “वर आरसे फार आहेत तुमच्याकडे,” म्हणायचे. गिऱ्हाइकांना केस नीट करायला स्टुडिओत भिंतभर आरसे होते. बाईंना वाटे, गंमत करतायत.

डिजिटल फोटोच्या पोटात तो काढल्याची तारीख-वेळ लिहिलेली असते. बाईंनी ती उघडली. पाच वाजून तेरा मिनिटं.

चूक असेल. नव्या कॅमेऱ्याचं घड्याळ लावायचं राहून गेलं असेल. बाईंनी पुढचा फोटो उघडला. तो रस्त्याच्या टोकापाशी काढलेला, त्यात पोस्टाच्या इमारतीवरचं घड्याळ होतं. मोठं करून पाहिलं. पाच वीस. फोटोच्या पोटात पाहिलं. पाच वीस.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

“सतरा नंबरचा फोटो कुठून काढलात?”

“दवाखान्याच्या दारातून. का? दाणे फार आहेत का?”

“खांबापाशी एक माणूस आहे.”

“अरे वा, खांबवाले!” डॉक्टर खुशीत आले. “आले का ते फोटोत? अहो, रोज असायचे. आमची नर्स त्यांच्यावर घड्याळ लावायची. खांबवाले आले, सव्वापाच झाले, पुढच्या पेशंटला आत पाठवा. एकदा म्हटलं, आत येऊन बसा, बाक रिकामाच आहे. तर म्हणाले, नको, इथून बरं दिसतं. काय दिसत होतं त्यांचं त्यांना माहीत. सहाला माझ्याकडे ही गर्दी, त्यामुळे जायचे कधी आणि कुठे ते काही बघितलं नाही. पुसून टाका त्यांना. आता सही कोण देणार?”

बाईंनी पडद्यावरची ती खिडकी शोधली.

“बाई? आहात ना?”

“ते आमचे हे,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा खुशीतला आवाज उतरला. मग म्हणाले, “माफ करा. मला खरंच... एका रस्त्यावर इतकी वर्षं. तुमचा कधी दात दुखला नाही आणि मला कधी फोटो काढून घ्यायचा नव्हता. राहू दे तो फोटो, बाई. बाजूला काढा.”

“कशाला? फोटो चांगला आहे. उजेड बघा त्यातला.”

“मग वारस म्हणून तुम्ही सही करा. किंवा पुसायचंच असेल तर मी दुसऱ्या कुणाकडून पुसून घेतो.”

“काही नको. दुसरा कुणीतरी अर्धा कान तसाच ठेवील,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी लेक कामावरून आली. बाईंनी काही न बोलता तिला खुर्चीत बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. लेकीनं आधी खांदा ओळखला, मग चेहरा. हात आपोआप वर गेला आणि पडद्यावरच्या व्रणावरून एक बोट वरून खाली फिरलं.

“लहानपणी मी अशी बोट फिरवत झोपायचे,” ती म्हणाली. “तुला आठवतं? मला वाटायचं सगळ्यांच्या बाबांना अशी वाट असते.”

मग ती रडली, मग नाक पुसून हसली, मग पुन्हा पडद्याकडे बघत बसली. बाईंनी तिला पाच तेराची गोष्ट सांगितली. नर्सची सांगितली.

“चारला सुटायचे गं ते,” बाई म्हणाल्या. “माझी मान सदा कामावर वाकलेली, खिडकीबाहेर कधी बघितलंच नाही. मी समजायचे, मधे मित्रांत बसत असतील. पत्ते कुटत असतील. एकदा तर रागानं तसं बोलूनही दाखवलं. तरी म्हणाले नाहीत की मी इथेच असतो म्हणून.”

“सही कर, आई,” लेक म्हणाली. “बाबा कुठे तरी दिसतील. लोक बघतील. बाबा असेच होते, असे उभे राहायचे.”

“कुठे दिसतील? बसथांब्यावर? ‘भाजल्याचे डाग घालवा’ म्हणून?”

लेकीनं पडदा जरा आपल्याकडे ओढला.

“एकदा त्यांना न विचारता मी त्यांच्या चेहऱ्याला हात लावला,” बाई म्हणाल्या. “आता विचारायला ते नाहीत. मग परक्याच्या हातात कसा देऊ?”

“पण पुसणं म्हणजेसुद्धा हात लावणंच झालं की.”

 बाईंनी उठून खिडकी लावली, परत येऊन बसल्या.

“पुसते ती त्या लोकांना पाठवायच्या फोटोतून. मूळ फोटो आपल्याकडेच राहील,” त्या म्हणाल्या. “आणि तेव्हा मी गाल पुसला होता आणि माणूस ठेवला होता. ते वाईट केलं.”

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडल्या उघडल्या बाई मूळ फोटो घेऊन प्रिंटच्या दुकानात गेल्या. काउंटरमागच्या माणसानं फोटो पडद्यावर घेतला, पुढे-मागे केला.

“आजी, नुसता माणूस मोठा करून देऊ का?”

“फाटेल तो, नुसते चौकोन दिसतील. चार मेगापिक्सेलचा आहे. आहे तसा पूर्ण द्या, रस्त्यासकट.”

त्यानं बाईंकडे जरा आदरानं पाहिलं. “बरं, गालावर हे काहीतरी आहे. काढून देतो. एक मिनिटाचं काम. त्याचे पैसे नाही लागणार.”

“किती मिनिटांचं काम आहे ते मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “नको. उजळही करू नका. कशालाच हात लावू नका.”

प्रिंट ओला असल्यासारखा दोन्ही हातांत आडवा धरून त्या घरी आल्या. पिशवीत घालायला मन होईना. घरी आल्यावर तो कपाटावर उभा करून ठेवला, हात धुतले आणि टेबलाशी बसल्या.

पावलांपासून सुरुवात केली. फरसबंदीचे दगड डावीकडून उचलून आणले, त्यांच्या फटी एकमेकींना जुळवल्या. मग पाय, मग सायकलीआडचा हात. त्या हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र होतं, ते आदल्या दिवशी लक्षातच आलं नव्हतं. त्यामागचं शटर अवघड होतं. त्याच्या आडव्या पट्ट्या एका बाजूनं उजेडातल्या आणि दुसऱ्या बाजूनं सावलीतल्या, मधे कुठे उजेड संपतो ते आपल्या मनानं ठरवावं लागतं. बाईंनी एकेक पट्टी भरली. दुपारचं जेवण झाकून ठेवलं ते तसंच राहिलं.

चेहरा शेवटी ठेवला होता. शंभर टक्क्यांवर तो दोन बोटं उंच दिसत होता. निगेटिव्हवर ज्या व्रणावर त्यांनी दोन दिवस पेन्सिलीचे ठिपके दिले होते, त्याचं वळण, मधली गाठ, कानाखालचा फाटा, सगळं अजून बोटांना पाठ होतं. डोळे बारीक केलेले, खिडकीच्या काचेवर ऊन येत असणार. ओठ मिटलेले. हसत नव्हते. कंटाळलेलेही नव्हते. रोजच्या कामावर असलेला माणूस असतो तसे दिसत होते.

“येते हं,” बाई म्हणाल्या. जिना उतरताना वरून त्यांना तेच म्हणायच्या.

मग पेन टेकवलं.

सगळ्यात शेवटी सावली. शिकाऊ माणूस हमखास तिथे फसतो, माणूस काढतो आणि सावली विसरतो. पाच तेराची सावली लांब होती, रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेली. ती काढायला तास लागला. झाल्यावर बाईंनी फोटो पूर्ण उघडला. संध्याकाळचा रस्ता, बंद शटर, खांब, सायकल. काम इतकं साफ झालं होतं की त्यांचा त्यांनाच राग आला.

एरवी लायब्ररीचा फॉर्म लेक भरायची. त्या दिवशी तिला उशीर होणार होता आणि बाईंना हे काम दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नव्हतं. फॉर्म इंग्रजी, म्हणून शब्दकोश जवळ घेऊन त्यांनी रकाने भरले. फोटोचं नाव लिहिलं: जुना रस्ता, संध्याकाळ. शोधायचे शब्द लिहिले: रस्ता, सायकल, खांब, ऊन, शटर, शांतता. वेळ दिवसाची. जागा बाहेरची. मग एक रकाना आला: फोटोत माणसं किती? त्यावर पेन टेकवताच यादी उघडली. एकही नाही, एक, दोन, तीन, जास्त.

बाईंचं पेन ‘एक’ पाशी थोडा वेळ थांबलं. मग वर सरकलं आणि त्यांनी ‘एकही नाही’वर खूण केली.

पण खात्री केल्याशिवाय फॉर्मवर काही लिहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फोटो पुन्हा शंभर टक्क्यांवर उघडला आणि डाव्या कोपऱ्यातल्या आकाशापासून ओळीओळीनं, एकही तुकडा न सोडता, खालपर्यंत सगळा तपासला. मग पाठवला.